पुठ्ठेवाली

माझं आणि सासूबाईंचं कधी पटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे मी त्यांचं कौतुक करायला लागले की लोक म्हणतील, सून आहे, बोलणारच. मी सून असूनही बोलते आहे. मी केलेल्या चहाला त्यांनी उभ्या जन्मात कधी 'बरा' म्हटलं नाही. मी धुतलेली चादर त्या उजेडात धरून बघायच्या, जणू मी खोटी नोट वटवायला आणली आहे. नाकाच्या शेंड्यावर राग, आणि तो उतरायचा कुणावर, तर जो समोर असेल त्याच्यावर. घरात बहुतेक वेळा मीच समोर असायचे.

आमची रेल्वेची वसाहत होती. एकसारख्या घरांच्या रांगा, दोन घरांत मिळून एक नळ, एका टोकाला इंजिनांची शेड आणि दुसऱ्या टोकाला क्लब. क्लबच्या मागे नदी आणि नदीवर पूल. क्लबात लाकडी खुर्च्यांचा एक हॉल होता आणि दर शनिवारी संध्याकाळी तिथे सिनेमा दाखवत. सिनेमाचं मशीन चालवायच्या सासूबाई. आधी ते काम सासऱ्यांचं होतं. त्यांची नजर गेली तेव्हा फिल्म ओवायला त्या मदतीला जाऊ लागल्या, आणि ते गेल्यावर क्लबवाल्यांनी काम त्यांच्याकडेच ठेवलं. ठेवलं म्हणजे काय, दुसऱ्या कुणाचं ते मशीन ऐकायचंच नाही. ते जुनं होतं, एकुलतं एक होतं आणि सासूबाईंसारखंच तापट होतं. प्रत्येक रीळ संपलं की दिवे लागायचे, मग दुसरं रीळ चढायचं, तोवर लोक एकमेकांची उणीदुणी काढून घ्यायचे.

सिनेमे पाठवणाऱ्या माणसाची अशी समजूत होती की रेल्वेच्या लोकांना रेल्वेचेच सिनेमे आवडणार. शिंप्यांच्या गल्लीत कुणी शिवणकामाचे सिनेमे पाठवतं का? पण आमच्याकडे महिन्यातून एकदा तरी गाडीचा सिनेमा यायचाच, आणि खोटं कशाला बोलू, आम्हाला तो आवडायचाच. त्यात चुका काढायला मिळायच्या. पडद्यावरचा ड्रायव्हर खिशातून बायकोचा फोटो काढून बघत बसला की मागच्या रांगेतून आरोळी यायची, "अरे फोटो ठेव, सिग्नल बघ!" एका सिनेमात नायक धावत्या गाडीच्या टपावरून पळत इंजिनात उतरतो आणि हातात येईल तो दांडा ओढून गाडी थांबवतो. त्यावर शेडमधले फिटर आठवडाभर हसत होते. काहीही ओढलं की गाडी थांबते म्हटल्यावर ह्यांना पगार कशाचा मिळतो, असं मी विचारलं, तर आमचे हे रुसून बसले. हे म्हणजे माझे यजमान, सासूबाईंचे एकुलते चिरंजीव, पॅसेंजरचे ड्रायव्हर.

गाडीचा सिनेमा म्हटला की त्यात पूल आलाच, आणि सिनेमातला पूल उभा राहण्यासाठी नसतोच. तो शेवटाकडे पडतो. इथे आमच्या क्लबाची एक रीत होती. फार पूर्वी, सासऱ्यांच्या काळात, पडद्यावर पूल पडताना एका ड्रायव्हरची बायको किंचाळत उठली आणि अनवाणी नदीकडे धावत सुटली. तिचा नवरा त्या वेळी ड्यूटीवर होता. तिला परत आणता आणता वसाहतीच्या नाकी नऊ आले. त्यानंतर वडीलधाऱ्या मंडळींनी ठरवलं की क्लबात पूल पडताना दाखवायचा नाही. गाडी पुलापाशी आली की मशीनवाल्याने भिंगापुढे पुठ्ठा धरायचा आणि आवाज बंद करायचा. हॉलमध्ये अंधार व्हायचा. पूल पडून झाला की पुठ्ठा काढायचा. मग एकदम दिसायचं काय, तर ओलीचिंब नायिका नदीकाठी बसून रडते आहे. वसाहतीतल्या मुलांची कित्येक वर्षं समजूत होती की बाई पोहायला म्हणून उतरली आणि आता थंडी वाजते आहे.

सासऱ्यांनंतर पुठ्ठा सासूबाईंच्या हातात आला. म्हणून त्या पुठ्ठेवाली. तोंडावर मावशी, पाठीमागे पुठ्ठेवाली.

पुठ्ठा नेमका कुठे धरायचा हे कळायला हवं, म्हणून शनिवारी दुपारी त्या रिकाम्या हॉलमध्ये सिनेमा एकट्या बघून घ्यायच्या. एकदा मी त्यांचा डबा घेऊन गेले तर पडदा चालू, आत काळं कुत्रं नाही, आणि ह्या मशीनच्या खोलीतल्या झरोक्यातून बघत उभ्या. मी विचारलं, "काय बघताय एवढं?"

"तुमच्या सगळ्यांच्या वाटचं," त्या म्हणाल्या. "तुम्ही अंधारात बसता, मी बघून घेते. आणि डबा झाकून का नाही आणलास?"

खरंच होतं ते. अख्ख्या वसाहतीत पडणारे पूल पाहिलेलं माणूस ते एकच. त्यांना एकटीला ते बघायला लावलं आहे, हे तोवर कुणाच्या मनातही आलं नव्हतं. माझ्याही नाही.

आता आमच्या खऱ्या पुलाचं सांगते. हॉल पुलाला इतका लागून, की गाडी पुलावर चढली की एक घुमणारा आवाज हॉलभर भरायचा आणि पडद्यावरचं बोलणं ऐकू यायचं नाही. तेवढा वेळ सगळे गप्प. बायका तर श्वाससुद्धा जपून घ्यायच्या. गाडी पलीकडे उतरली, आवाज थांबला की पुन्हा खुर्च्या करकरायला लागायच्या. हे इतकं अंगवळणी पडलेलं की आपण गप्प बसतो हेही कुणाला कळत नसे. मग एका पावसाळ्यात नदीला मोठा पूर आला, आणि त्यानंतर त्या आवाजात मध्येच एक 'खाड्' यायला लागलं. प्रत्येक गाडीला एकदाच आणि त्याच जागी.

कानाला बोचत होतं, पण बोलायचं कुणी? आमच्याकडे 'पूल' आणि 'पडणं' हे दोन शब्द एका वाक्यात आणायचे नाहीत. अभद्र. कुणाची जीभ घसरलीच तर दुसरी म्हणायची, "तुझ्या तोंडाला काही सुमार?" पुरुषमंडळी आपसात बोलत असतील, घरी मात्र सगळे मूग गिळून. रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगच्या मुकादमाने मधल्या खांबाच्या पायाचे दगड वाहून गेलेले बघितले होते आणि रेल्वेच्या इथल्या साहेबांच्या कानावर घातलं होतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं, की पुलाच्या तोंडाशी 'सावकाश' अशी पाटी लागली, मेल उशिरा धावायला लागली, आणि मग एके दिवशी पाटीच काढून टाकली.

त्याच सुमाराला ह्यांच्या बुटांच्या नाड्या सुटायला लागल्या. ड्यूटीवरून घरी आले की नाड्या जमिनीवर लोळताहेत. मी एकदा बोलले, दोनदा बोलले. तिसऱ्यांदा तोंड सोडलं, "लहान आहात का? अडखळून पडाल, तर रुळावरच पडाल!"

हे म्हणाले, "पाय सुजतात गं."

सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर करून बुटांकडे पाहिलं, मग लेकाच्या तोंडाकडे पाहिलं. काही बोलल्या नाहीत, तेव्हाच मला धस्स झालं, कारण न बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. दुसऱ्या दिवशी पाळी सुटायच्या वेळेला त्या शेडच्या फाटकापाशी जाऊन उभ्या राहिल्या. येणाऱ्याजाणाऱ्याने विचारलं तर म्हणत, उन्हाला आले. परत येऊन ओट्याशी टेकल्या आणि म्हणाल्या, "सगळ्यांचेच पाय सुजलेत."

मला कळेना. "कुणाचे?"

"ड्रायव्हरांचे. पुलावरून येणाऱ्या एकूणएक ड्रायव्हरांचे." आणि मग ह्यांच्याकडे वळून, "बूट घालून पोहता येत नाही. म्हणून ना रे?"

ह्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मग म्हणाले, "आई, साहेबांना सांगायचं ते सांगून झालंय. आता तू काही काढू नकोस."

माझा नवरा रोज संध्याकाळी पुलापाशी आल्यावर खाली वाकून नाड्या सोडत होता, मागे डबे भरून माणसं होती, त्यांच्या पायात बूट होते की चपला कुणी बघितलंय, आणि मी इथे त्याला वेंधळा म्हणून झापत होते. मला राग आला. ह्यांचा आला, साहेबाचा आला, आणि सगळ्यांत जास्त त्या मेल्या वसाहतीच्या शहाण्या गप्पपणाचा आला.

सासूबाई साहेबांच्या बंगल्यावर गेल्या. मला बरोबर नेलं, बहुधा साक्षीला. साहेब तसा वाईट माणूस नव्हता. त्याची बदली तोंडावर आली होती, आणि जाता जाता आपल्या हातून कसली भानगड व्हायला नको, एवढंच त्याचं म्हणणं असावं. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि म्हणाला, "मावशी, मी वर कळवलंय."

"वर म्हणजे कुठं? देवाकडे?"

"तसं नाही, मोठ्या ऑफिसात. प्रत्येक गोष्टीला वेळ लागतो."

"लागू दे की. तोवर गाड्या थांबवा."

साहेब हसला. लहान मुलाने चंद्र मागितल्यावर हसतात, तसा. बंगल्याच्या पायऱ्या उतरताना सासूबाई मला म्हणाल्या, "पाणी कोमट होतं."

त्या शनिवारी पुन्हा गाडीचाच सिनेमा आला. सकाळीच त्यांनी मला बजावलं, "आज पुढे बस. आणि रडूबिडू नकोस." हे दाराजवळच्या खुर्चीत गणवेशात बसले, पायाशी ड्यूटीची पत्र्याची पेटी. सिनेमा संपायच्या आधीच त्यांना पॅसेंजर घेऊन निघायचं होतं. पहिल्या रांगेत कोचावर साहेब आणि साहेबीणबाई. हॉल भरलेला.

सिनेमा नेहमीचाच. एक म्हातारा रूळतपासनीस धावत येऊन सांगतो की पूल कच्चा आहे, स्टेशनातला अधिकारी घड्याळ बघतो आणि गाडी सोडतो. गाडीत नायिका, शिट्टी, धूर. इंजिन पुलावर आलं आणि आम्ही सवयीने डोळे अर्धे मिटले. अंधार झालाच नाही.

"पुठ्ठा!" मागून कुणीतरी ओरडलं. क्लबचे सेक्रेटरी ताडकन उठले, "मावशी, पुठ्ठा! पुठ्ठा धरा!" आणि मशीनच्या खोलीकडे धावले. दाराला आतून कडी. ते दार बडवायला लागले, इकडे पडद्यावर पूल मधोमध वाकला, इंजिन तोल जाऊन खाली गेलं, एकामागून एक डबे नदीत. मी खुर्चीचे हात घट्ट धरले होते.

आणि मग कुणीतरी हसलं.

कारण दिसतच होतं ना! पूल काड्यांचा होता. इंजिन हातभर. नदीचं पाणी उडालं तर एकेक थेंब डब्याच्या दाराएवढा. "अगंबाई, दोरी! डब्याला दोरी बांधलीय!" असं माझ्या शेजारची म्हातारी ड्रायव्हरीण ओरडली, आणि हॉल फुटला. लोक मांड्या थापटून हसायला लागले. इतकी वर्षं ज्याच्या धाकाने अंधारात बसलो ते हे? ती म्हातारी तर हसता हसता रडायला लागली. सेक्रेटरींचं बडवणं थांबलं.

रीळ संपलं, दिवे लागले. झरोक्यात सासूबाईंचं तोंड दिसलं, घामेजलेलं.

"हसून घ्या," त्या म्हणाल्या. "मीही हसते दर वेळी. माझे इतके पूल बघून झालेत, सगळे खेळण्यातले. पण एक गोष्ट सगळ्या सिनेमांत सारखी असते, आणि ती तुम्ही कधी बघत नाही. तुमचं सगळं लक्ष पुढे पुठ्ठा येणार ह्याच्याकडे. ती आता पुन्हा दाखवते."

"झाकली मूठ सव्वा लाखाची, मावशी," सेक्रेटरी दाराबाहेरून काकुळतीला येऊन म्हणाले. "कशाला उगाच..."

"मूठ झाका हवी तेवढी. पुलाला झाकून चालत नाही."

सासूबाई हातानेच रीळ उलटं गुंडाळत होत्या, त्याची कुरकुर हॉलभर ऐकू येत होती. साहेब उठून उभा राहिला, पण निघून गेला तर काय दिसेल हे त्यालाही कळत असावं. तो पुन्हा बसला. दिवे गेले. तोच म्हातारा पुन्हा धावत आला, पुन्हा ओरडला, पूल कच्चा आहे, गाडी सोडू नका. अधिकाऱ्याने पुन्हा घड्याळ बघितलं. आणि आता कुणी हसेना. इंजिन पुलावर येतं ना येतं तोच हॉलच्या मागे तो घुमणारा आवाज सुरू झाला. खरा. मालगाडीची वेळ झाली होती, आणि ती वेळ सासूबाईंना पाठ होती. त्यांनी सिनेमाचा आवाज बंद केला. पडद्यावर खोटी गाडी मुक्याने धावत होती आणि खरी आमच्या पाठीशी वाजत होती. सगळे गप्प, नेहमीसारखे.

खाड्.

"हे काय वाजलं?" अंधारातून सासूबाईंचा आवाज आला. "ज्याला ठाऊक आहे त्याने उठून सांगा. मी एकटीने किती बघू?"

दिवे लागले तेव्हा मुकादम उभा होता. त्याने सांगितलं की मधल्या खांबाखाली हात घातला तर कोपरापर्यंत आत जातो. एवढंच बोलून तो बसला. मग दाराजवळचे आमचे हे उठले. म्हणाले, "मी पुलापाशी नाड्या सोडतो बुटांच्या." मग दुसरा ड्रायव्हर उठला, "मीही." मग तिसरा. बायका आपापल्या नवऱ्यांकडे बघत होत्या. घरोघरी तेच 'पाय सुजतात' सांगून झालेलं होतं, हे एका क्षणात सगळ्यांना कळलं, आणि मग जो गलका झाला तसा मी आजवर कधी ऐकला नाही.

साहेबाने हात वर केले. "शांत व्हा. मी सोमवारी जातीने लक्ष घालतो."

सासूबाई आता खोलीतून बाहेर आल्या होत्या. पदराला तेलाचे डाग, हातात तो पुठ्ठा. "सोमवारी का? आताची पॅसेंजर आहे की. साहेब, तुम्ही आणि बाईसाहेब इंजिनात माझ्या मुलाशेजारी उभे राहा. पलीकडच्या स्टेशनात उतरा आणि फोन करा. मी इथे सगळ्यांसमोर नाक घासते आणि मशीनची किल्ली देते."

साहेबाने तोंड उघडलं, पण त्याच्या आधी साहेबीणबाई बोलल्या, अगदी साध्या आवाजात, "मी नाही चढणार." आणि मग नवऱ्याला, "तुम्हीही नाही."

ह्यांनी पायाशी असलेली पत्र्याची पेटी उचलली. मला वाटलं, निघाले. ते पुढे आले, पेटी पडद्याखालच्या कट्ट्यावर ठेवली आणि परत जाऊन खुर्चीत बसले. दुसऱ्या ड्रायव्हरांच्या पेट्या घरी होत्या, ते नुसतेच हाताची घडी घालून बसले. साहेब फोनकडे गेला.

ती पॅसेंजर गेली नाही. स्टेशनात अडकलेल्या लोकांनी आम्हाला यथेच्छ शिव्या घातल्या, आम्ही त्यांना चहा नेऊन दिला, तो पिऊन त्यांनी पुन्हा शिव्या घातल्या. त्यांचंही चूक नव्हतं. मग बाहेरून माणसं आली, होड्यांतून खांबाखाली गेली, आपसात कुजबुजली, आणि गाड्या लांबच्या मार्गाने वळवल्या. मधल्या खांबाचं काम पुढचा पावसाळा येईपर्यंत चाललं. पण जाहीर काय केलं, तर पुलाला धोका नव्हताच, केवळ खबरदारी. ड्रायव्हरांना ताकीद मिळाली. साहेबाची बदली झाली, बढतीवर. सासूबाईंना क्लबाची रीत मोडल्याबद्दल काढून टाकलं. सेक्रेटरी किल्ली मागायला आले तेव्हा त्यांना तोंड वर करवत नव्हतं. सासूबाईंनी किल्ली दिली आणि म्हणाल्या, "नव्या माणसाला सांग, चाकाच्या दुसऱ्या दाताला फिल्म अडकते, तिथे जपून." सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, ते असं. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी भांडायची थांबले असं नाही, पण भांडताना मला अभिमान वाटायला लागला.

वसाहत मात्र लवकर विसरली. लांबच्या मार्गावर दुसऱ्या शेडचे ड्रायव्हर, त्यामुळे आमच्याकडच्यांचा भत्ता बुडला, काहींच्या बदल्या व्हायची वेळ आली. मग ज्या बायका त्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने ओरडल्या होत्या, त्याच नळावर टोमणे मारायला लागल्या. पूल तर नवरीसारखा रंगवून उभा, त्यावरून गाड्या पुन्हा सुरू झालेल्या, आणि खाड् नाही की काही नाही.

एका दुपारी पलीकडची ड्रायव्हरीण बादली भरत होती. सासूबाई आपली कळशी घेऊन मागे उभ्या, मी त्यांच्या मागे. ड्रायव्हरीण माझ्याकडे बघून, पण ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "एवढा गाजावाजा केला, आम्हाला उपाशी मारलं. पडला का शेवटी पूल?"

मी तोंड उघडणार होते. सासूबाईंनी मला हाताने मागे सारलं.

"नवरा कुठाय तुझा?" त्यांनी विचारलं.

"कुठे असणार? घरात. घोरतोय."

"जा, हलवून बघ. उठला, तर मग मला येऊन विचार पूल का पडला नाही."

ड्रायव्हरिणीची बादली भरून वाहायला लागली होती, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. सासूबाईंनी वाकून नळ बंद केला, तिची बादली बाजूला ठेवली आणि आपली कळशी लावली.